नामार्थाचे थोतांड

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा त्यांच्या मेजावर एक छोटेखानी पुस्तक आमच्या दृष्टीस पडले. स्नेह्यांना नुकतीच नात झाली आहे. त्यांची कन्या व जामात इंग्लंडात स्थायिक झालेले असल्याने मुलीचे नाव असे हवे, की तिकडच्या शिक्षिकेची जीभ त्यावर अडखळू नये आणि इकडच्या आजीलाही ते परके वाटू नये. या दुहेरी अडचणीतून वाट काढण्यासाठी हे पुस्तक आणलेले होते. त्यात दोन रकाने होते : डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ. चाळता चाळता आमची नजर ‘शर्ली’ या नावावर पडली. समोर अर्थ दिला होता, ‘उज्ज्वल कुरण’.

“प्रोफेसरसाहेब, आपण इंग्रजीचे,” स्नेही म्हणाले, “हा अर्थ बरोबर आहे ना?”

आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. ‘बरोबर आहे’ असे म्हटले असते तर फारसे कोणी आम्हांला दोष दिला नसता. इंग्रजी नामकोशांतून साधारण असाच अर्थ दिलेला आढळतो. इतकेच काय, आम्ही स्वतः कित्येक वर्षे वर्गात हाच अर्थ विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरवून देत आलो होतो. तरीही त्या दिवशी आमच्याने होकार देववला नाही. त्याचे कारण त्यांना चहाच्या पेल्याबरोबर सांगता येण्याजोगे नव्हते, म्हणून हा लेख.

प्रथम व्युत्पत्तीचे दळण थोडे दळले पाहिजे. वाचकांनी क्षमा करावी. शर्ली हे मुळात मुलीचे नाव नव्हे, मुलाचेही नव्हे. ते गावाचे नाव आहे, आणि तेही एका गावाचे नव्हे. डर्बीशर परगण्यात एक शर्ली आहे, हॅम्पशरमध्ये साउथॅम्प्टन शहरात दुसरी, बर्मिंगहॅमच्या बाजूस सॉलिहलजवळ तिसरी, आणि पूर्वी सरे परगण्यात मोडणारी चौथी आज लंडनच्या क्रॉयडन भागात सामावली आहे. यांपैकी पहिल्या दोन गावांची नोंद विजेत्या विल्यमने १०८६ साली करविलेल्या ‘डूम्सडे’ या प्रसिद्ध पाहणीत सापडते. म्हणजे नाव त्याहून जुने, सॅक्सनांच्या वेळचे. त्याचे दोन अवयव आहेत. पूर्वपद ‘शीर’, उत्तरपद ‘लेआह’.

यातले उत्तरपद आम्हांला विशेष प्रिय आहे. ‘लेआह’ म्हणजे रान, किंवा रान तोडून मोकळी केलेली जागा. इंग्लंडच्या नकाशावर ‘ली’ने संपणारी गावे पावलोपावली भेटतात ती याच शब्दामुळे. ॲशचे झाड जिथे होते ती ॲशली, ओकचे होते ती ओकली. ज्यांनी वडगाव, पिंपळगाव आणि आंबेगाव पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या मुलखात असली नावे दाट आहेत तो मुलूख त्या काळी अरण्यमय होता, असे अनुमान तेथील भूगोलाचे अभ्यासक काढतात. आणि गंमत अशी, की हा ‘लेआह’ शब्द आपला दूरचा भाऊबंद आहे. लॅटिनमधला ‘लूकुस’ म्हणजे देवराई, लिथुआनियन भाषेतला ‘लाउकास’ म्हणजे शेत, आणि आपला संस्कृत ‘लोक’, ज्याचा वेदांतला जुना अर्थ मोकळी, विस्तीर्ण जागा असा आहे, हे सारे एकाच मुळापासून फुटलेले धुमारे आहेत. येथे आम्हांला एक टोला हाणल्यावाचून राहवत नाही. ‘व्हॅटिकन म्हणजे वाटिका’ अशा थाटाची व्युत्पत्ती रचून सारे जग आपल्या वाड्यात आणून बसविणारे पंडित आपल्याकडे कमी नाहीत. कानाला जे सारखे लागते ते एक, हा त्यांचा एकमेव नियम. ‘शर्ली’तल्या ‘ली’चा आणि ‘लोक’चा संबंध कानाला मुळीच जाणवत नाही, तो ध्वनिपरिवर्तनाचे नियम लावून सिद्ध करावा लागतो. खरे नाते बहुधा असेच असते, आणि ते या पंडितांच्या हाती म्हणूनच कधी लागत नाही.

पूर्वपदाविषयी मात्र एकमत नाही. ‘शीर’ या शब्दाचा एक अर्थ ‘स्वच्छ, तेजस्वी’. त्या अर्थाने शर्ली म्हणजे रानातली लख्ख उजेडाची जागा. पण त्याच उच्चाराचा दुसरा एक शब्द होता, ज्याचा अर्थ परगणा. यॉर्कशर, डर्बीशर यांच्या शेपटीला तोच लागलेला आहे. तो घेतला तर शर्ली म्हणजे परगण्याच्या मालकीचे रान, किंवा परगण्याची पंचायत जिथे भरे ती मोकळी जागा. चार गावांपैकी कोणत्या गावाला कोणता अर्थ लागू करावा याविषयी पंडितांचा वाद आहे. वाचकांनी आता ते पुस्तक पुन्हा डोळ्यांसमोर आणावे. ‘उज्ज्वल कुरण’! दोन संभाव्य अर्थांपैकी एक, जो कानाला गोड लागला तो, उचललेला. आणि रानाचे कुरण करून टाकलेले. मुलीचे नाव ‘तालुका-कचेरीचे रान’ असे छापले असते तर पुस्तकाची एक प्रत तरी खपली असती काय?

पण एवढ्याच चुकीसाठी आम्ही लेखणी उचलली नसती. अर्थ बिनचूक दिला असता तरी आमचा आक्षेप कायमच राहिला असता. आणि तो असा, की या व्युत्पत्तीचा मुलीच्या नावाशी काहीही संबंध नाही. ‘उज्ज्वल रान’ हा अर्थ मनात धरून आपल्या मुलीचे नाव शर्ली ठेवणारा बाप गेल्या हजार वर्षांत कोणी झाला असेल असे आम्हांस वाटत नाही. नाव गावाकडून पाळण्याकडे आले ते दुसऱ्याच वाटेने.

ती वाट जमिनीच्या मालकीतून जाते. डर्बीशरमधल्या शर्ली गावचे जे जमीनदार त्यांनी गावावरून शर्ली हे आडनाव धारण केले. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव होते आणि तो ‘कर’ निदान प्रामाणिकपणे सांगतो, की मी अमुक गावचा. इंग्रज सरदाराने प्रत्ययाचीही तोशीस घेतली नाही; गावाचे अख्खे नावच उचलले. या शर्ली घराण्यात पुढे नाना तऱ्हेची माणसे निपजली. अँथनी व रॉबर्ट शर्ली हे बंधू १५९८ साली इराणच्या शहा अब्बासच्या दरबारी जाऊन पोहोचले. घराण्याच्या वडील शाखेकडे १७११ पासून अर्ल फेरर्स ही सरदारकी आली, आणि त्यांतला चौथा अर्ल, लॉरेन्स शर्ली, याला आपल्या कारभाऱ्याचा गोळी घालून खून केल्याबद्दल १७६० साली टायबर्न येथे फाशी देण्यात आले. आपल्या नामपुस्तकांच्या हिशेबाने तोही उज्ज्वल कुरणच होता.

आडनावाचे पाळण्यातले नाव कसे झाले, हाही एक पाहण्यासारखा प्रकार आहे. सोळाव्या शतकात, धर्मसुधारणेनंतर, इंग्लंडच्या प्रतिष्ठित कुळांत मुलाला संताचे नाव देण्याऐवजी एखाद्या कुळाचे आडनावच देण्याची चाल पडली. बहुधा ते आडनाव आईच्या माहेरचे असे. माहेर वतनदार असले तर अधिकच. १५५४ साली वध झालेल्या राणी जेन ग्रेचा दुर्दैवी पती गिल्फर्ड डडली हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या आईचे माहेरचे आडनाव गिल्फर्ड. आणि गिल्फर्ड हेही मूळचे गावच. अशा नावाचा अर्थ काय? ‘या मुलाचे मातुल घराणे मातबर आहे, हे विसरू नका’, हा. शर्ली हे नाव अशाच रीतीने आडनावाचे पुरुषनाम झाले. प्रसिद्ध ‘पंच’ या विनोदी पत्राचे १८७० ते १८७४ पर्यंतचे संपादक शर्ली ब्रूक्स हे चांगले दाढीवाले गृहस्थ होते.

आता आमच्या विषयाचा गाभा. १८४९ साली लंडनच्या स्मिथ, एल्डर आणि कंपनीने करर बेल या लेखकाची ‘शर्ली’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. करर बेल म्हणजे यॉर्कशरमधील एका पाळकाची मुलगी शार्लट ब्रॉंटी, हे आज सर्वश्रुत आहे. पण त्या वेळी ते अनेकांना ठाऊक नव्हते. तिघी बहिणींनी मुद्दामच अशी टोपणनावे घेतली होती, की ती पुरुषाची की स्त्रीची हे निश्चित सांगता येऊ नये. कारण बाईने लिहिलेले म्हटले, की टीकाकारांची मापे बदलत. अशा लेखिकेने आपल्या नायिकेला नाव काय दिले? पुरुषाचे. कादंबरीत त्याचे कारणही स्पष्ट सांगितले आहे. शर्ली कील्डर हिच्या आईबापांना मुलगा हवा होता. लग्नानंतर आठ वर्षांनी मूल झाले ते मुलगी. तेव्हा मुलासाठी योजून ठेवलेले घराण्यातले नाव त्यांनी तिलाच देऊन टाकले. आईबाप वारल्यावर इस्टेट तिच्याकडे आली. नाव पुरुषाचे आणि मिळकतीची मालकीही पुरुषासारखी; मग ती स्वतःला थट्टेने कॅप्टन कील्डर म्हणवून घेते, गिरणीतल्या दंग्याच्या वेळी पिस्तूल हाताळते, आणि लग्नाचा व्यवहार ठरवायला आलेल्या आप्ताला चार शब्द सुनावते. कादंबरी म्हणून ग्रंथात दोष आहेत; नायिका अकराव्या प्रकरणापर्यंत रंगभूमीवर येतच नाही, हा त्यांपैकी एक. पण या मुलीचे चित्र एकदा पाहिल्यावर विसरता येत नाही. शार्लटनेच आपल्या चरित्रकर्त्या श्रीमती गॅस्केल यांस सांगितले होते, की आपली बहीण एमिली हिला आरोग्य व ऐश्वर्य लाभले असते तर ती जशी झाली असती तशी ही शर्ली आहे. पुस्तक लिहून होत असताना, १८४८ च्या सप्टेंबरापासून १८४९ च्या मेपर्यंत, भाऊ ब्रॅनवेल, एमिली आणि धाकटी ॲन अशी तिन्ही भावंडे एकामागून एक गेली. शर्ली या नावाच्या मागे ही सारी माणसे उभी आहेत.

म्हणजे मुलीचे नाव म्हणून ‘शर्ली’चा साहित्यातला पहिला ठळक अर्थ असा : ‘आम्हांला मुलगा हवा होता.’ हा अर्थ आमच्या पदरचा नाही. लेखिकेने तो छापून ठेवला आहे. नामपुस्तकाच्या उजव्या रकान्यात तो आम्हांला कधी आढळला नाही.

पुढचा इतिहास लवकर सांगता येईल. कादंबरी निघाली म्हणून एका रात्रीत शर्ली ही घरोघर जन्माला आली असे नाही. १९०८ साली कॅनडाच्या एल. एम. मॉंटगोमरी यांनी जगप्रिय करून सोडलेल्या अनाथ ॲनचे आडनाव शर्ली आहे. आणि त्याच मालिकेत ॲन मोठी होऊन संसाराला लागल्यावर तिच्या एका मुलाचे, मुलीचे नव्हे, नाव शर्ली आहे. नाव अजून उंबरठ्यावरच घोटाळत होते. १९२८ साली अमेरिकेत शर्ली टेंपल जन्मली. १९३४ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, कुरळ्या केसांची ही पोर बोलपटांतून सर्व जगाची लाडकी झाली. आणि १९३५ साली अमेरिकेत जन्मलेल्या मुलींच्या नावांत शर्ली दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली. त्या वर्षीच्या हजारो आयांना डर्बीशरचे रान ठाऊक नव्हते आणि ब्रॉंटीही बहुतेकींना ठाऊक नसावी. त्यांच्या लेखी शर्ली म्हणजे गालावर खळी असलेले हसरे मूल, आणि तेही मंदीच्या त्या काळ्याकुट्ट वर्षांत. नाव मुलींचे झाले तसे मुलग्यांनी ते कायमचे टाकले. ज्यांची नावे आधीच ठेवून झाली होती त्यांची मात्र पंचाईत झाली. शर्ली पोविच हे अमेरिकेतील नामांकित क्रीडालेखक. पण १९५० नंतरच्या दशकात प्रसिद्ध स्त्रियांच्या एका अमेरिकी चरित्रकोशात त्यांचीही वर्णी लागली. गृहस्थांनी ते हसण्यावारी नेले म्हणतात. उलट दिशेने, म्हणजे मुलींचे नाव मुलग्यांनी उचलल्याचे उदाहरण शोधायला गेलो तर हाताची बोटेही भरत नाहीत. कारण उघड आहे. मुलीला मुलाचे नाव देणे हा तिचा सन्मान समजला जातो, आणि मुलाला मुलीचे देणे ही त्याची मानहानी. नामपुस्तकांना या गोष्टीचा गंधही नसतो.

असाच एक दुसरा प्रवास जाता जाता सांगतो, कारण तो तर अधिकच मासलेवाईक आहे. किंबर्ली हे नॉर्फक परगण्यातले खेडे. नावाचा अर्थ, कीनेबुर्ग नामक एका बाईचे रान. त्या खेड्यावरून एका सरदाराची पदवी झाली. तो सरदार वसाहतमंत्री असताना, १८७३ साली, दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींच्या गावाला त्याचे नाव मिळाले. बोअर युद्धात १८९९–१९०० साली त्या गावाला वेढा पडला, तो उठला, आणि त्या आनंदात इंग्रजांनी आपल्या मुलग्यांची नावे किंबर्ली ठेवली. पुढे तेच नाव मुलींकडे गेले. बाई, खेडे, सरदार, खाण, वेढा, मुलगा, मुलगी! यांतला कोणता टप्पा ‘अर्थ’ म्हणून छापावा? पुस्तके पहिला टप्पा छापतात, कारण तो सर्वांत लांबचा आहे आणि त्याने कोणालाच काही टोचत नाही.

आता आक्षेपकांकडे वळू. तर्कशास्त्र शिकलेले म्हणतील, की विशेषनामाला अर्थच नसतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली हे कायमचे ठरवून टाकले आहे. डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून त्याला ते नाव पडले. पण भूकंपाने उद्या नदी दूर सरकली तरी गावाचे नाव बदलण्याचे कारण नाही, असा त्याचा दाखला. मिलचे म्हणणे व्युत्पत्तीपुरते सोळा आणे खरे आहे आणि आमच्याच बाजूचे आहे. तथापि त्याने गावाकडे पाहिले, नाव ठेवणाऱ्या माणसाकडे पाहिले नाही. नाव ही खूण आहे हे खरे. परंतु ती खूण कोणीतरी, कोणत्यातरी दिवशी, काहीतरी मनात धरून केलेली असते. जे मनात धरले होते ते अर्थ नव्हे, तर दुसरे काय?

दुसरे आक्षेपक अधिक उत्साही आहेत. ते म्हणतात, इंग्रजांची नावे अशी रानावनातून आलेली आणि निरर्थक. आमची संस्कृत नावे मात्र सार्थ. हे म्हणणे ऐकले, की आम्हांला आमच्या आजीची आठवण येते. तिचे नाव काशी होते. तिच्या पिढीत घरोघर काशी, मथुरा, द्वारका, गया नांदत होत्या. गावाचे नाव मुलीला देण्याची चाल इंग्रजांकडून शिकण्याची आपल्याला गरज नव्हती. काशी शब्दाचे मूळ ‘काश्’ म्हणजे प्रकाशणे या धातूत सांगतात. म्हणजे कोशाच्या उजव्या रकान्यात आमची आजी आणि डर्बीशरची शर्ली शेजारी शेजारी बसतील, दोघीही उज्ज्वल! पण आमच्या पणजोबांनी लेकीचे नाव काशी ठेवले ते धातुपाठ उघडून नव्हे. काशीयात्रा आपल्या नशिबी नाही हे त्या गरीब भिक्षुकास पुरते कळून चुकले होते; निदान दिवसातून दहा वेळा ते नाव तोंडी यावे, एवढीच त्यांची मनीषा. आज काशी हे नाव गावंढळ ठरले आणि त्या जागी पुस्तकातून निवडलेली, तीन अक्षरांची, गुळगुळीत नावे आली. त्यांचा अर्थ विचारला, की आईबाप पान उघडून दाखवितात.

दगडू व धोंडू यांचा अर्थ तर कोश उघडल्यावाचून कळतो. परंतु तो अर्थ दगड नव्हे. आधीची दोन-तीन लेकरे दगावली, म्हणून याला दगड म्हणा, म्हणजे काळाची दृष्ट याच्यावर पडणार नाही, असा त्या नावाचा अर्थ आहे. ज्या घरात धोंडू आहे त्या घरात कोणीतरी नाही, हे पूर्वी गावातल्या शेंबड्या पोरालाही समजत असे. सचिन तेंडुलकर यांचे नाव त्यांच्या वडिलांनी, कवी व प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांनी, सचिनदेव बर्मन यांच्या संगीताच्या प्रेमापोटी ठेवले हे सर्वांना ठाऊक आहे. आणि पुढे क्रिकेटच्या प्रेमापोटी जे सचिन झाले त्यांच्या नावाचा अर्थ पहिल्या सचिनच्या नावाच्या अर्थाहून निराळा आहे, जरी अक्षरे तीच आहेत.

आणि एक नाव असे आहे, की जिथे कोशातला अर्थ व मनातला अर्थ पूर्णपणे जुळतात. नकुसा. मुलींवर मुली झाल्या, की शेवटचीला नकुसा किंवा नकोशी म्हणायचे. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यास जिल्हा प्रशासनाने समारंभ करून अशा २८० हून अधिक मुलींना नवी नावे दिली. मुलींनी आपापली नवी नावे निवडली, त्या हसल्या, वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली. आम्हांला त्या समारंभाची थट्टा करावयाची नाही. त्या मुलींच्या डोक्यावरचा भार त्या दिवशी खरोखर उतरला असेल. परंतु नकुसाच्या आईबापांचे म्हणणे आणि कादंबरीतल्या कील्डर पतिपत्नींचे म्हणणे एकच आहे : मुलगा हवा होता. एकीला ते म्हणणे मिळकतीसह मिळाले, म्हणून ते नाव झळकले, बोलपटात गेले, जगभर पसरले, आणि आता त्याचा अर्थ ‘उज्ज्वल कुरण’. दुसरीला ते रिकाम्या हाताने मिळाले. इस्टेटीचा फरक वजा केला, तर या दोन नावांत व्युत्पत्तीखेरीज कोणता भेद उरतो, हे कोणी आक्षेपकाने आम्हांला दाखवून द्यावे.

तर मग व्युत्पत्ती शिकवूच नये काय? अवश्य शिकवावी. आमचा उदरनिर्वाहच तिच्यावर चालला आहे. ती गावाचा इतिहास सांगते, रान कोणी तोडले हे सांगते, ‘लोक’चे आणि ‘लेआह’चे हरवलेले नाते सांगते. मात्र तिने पाळण्याशी येऊन बसू नये. तिथला मान आपल्याकडे आत्याचा आहे.

आत्याचा उल्लेख आलाच आहे, तर आमच्या फजितीची गोष्ट सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गात एकोणिसाव्या शतकातील कादंबरीवर व्याख्याने देत होतो. ‘शर्ली’शी आलो तेव्हा शिरस्त्याप्रमाणे फळ्यावर दोन अवयव लिहिले, अर्थ सांगितला. वर्गात वसईकडील ख्रिस्ती घरातली एक विद्यार्थिनी होती. तिचे नाव शर्ली. आम्ही तिच्याकडे पाहून जरा ऐटीने म्हटले, “तुझ्या नावाचा अर्थ आज तुला कळला.” वर्ग हसला. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, “सर, माझ्या नावाचा अर्थ मला ठाऊक होता. माझी आत्या.”

हकिकत एवढीच. तिच्या आजोबांनी तरुणपणी मुंबईत शर्ली टेंपलचा कोणता तरी बोलपट पाहिला होता, म्हणून त्यांनी आपल्या मुलीचे नाव शर्ली ठेवले. ती मुलगी एकोणिसाव्या वर्षी विषमज्वराने गेली. पुढे मुलाला मुलगी झाली, तेव्हा घरात दुसऱ्या नावाचा विषयच निघाला नाही. “आजी अजून कधीकधी मला हाक मारते,” ती म्हणाली, “आणि मी समोर गेले की तिला कळतं, की ती मला मारलेली हाक नव्हती.” आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही, बहुधा काहीच दिले नसावे. त्या दिवशी घरी आल्यावर टिपणवहीतले ते वाक्य आम्ही खोडले. पंचवीस वर्षांच्या वापराने तो कागद इतका झिजला होता, की रेघ ओढताना तो फाटला.

स्नेह्यांच्या नातीचे बारसे पुढच्या आठवड्यात आहे. आत्या बडोद्याहून येणार आहे. नाव अजून ठरलेले नाही. मात्र निमंत्रणपत्रिकेवर नावाखाली छापण्यासाठी अर्थाची एक ओळ आम्हीच लिहून द्यावी, असा त्यांचा आग्रह आहे, आणि त्यासाठी त्यांचा दोनदा दूरध्वनीही येऊन गेला. त्यांचे पुस्तक आमच्याकडेच राहिले आहे. ते या अंकासोबत परत पाठवीत आहोत.